घडाघडा वाचणारा वर्ग आणि न कळणारी मराठी : मेळघाटातल्या एका शाळेचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे गाव मेळघाटात, धारणी तालुक्यात आहे. याहून जास्त ओळख इथे देत नाही. शिक्षक, मुलं, पालक यांची नावंही दिलेली नाहीत. गावातली जवळपास सगळी घरं कोरकू. जिल्हा परिषदेची पहिली ते चौथीची द्विशिक्षकी शाळा, आणि तिसरी-चौथी एकाच खोलीत बसणारी. दोन्ही इयत्ता मिळून वीसेक मुलं. वर्गशिक्षक सपाटीवरच्या जिल्ह्यातून बदलीने आलेले, मराठी घरातले, वेळेवर शाळा उघडणारे, मुलांवर जीव असलेले. त्यांना कोरकू येत नव्हती. त्या केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, भाषेच्या कामासाठी माझं जाणं-येणं होतं आणि या वर्गासोबत मी दोन शैक्षणिक वर्षं होते.

कोरकू ही मुंडा गटातली भाषा. तिची नाती संथाळी आणि मुंडारीशी, मराठी-हिंदीशी नाहीत. त्यामुळे खानदेशातल्या अहिराणी बोलणाऱ्या मुलाला प्रमाण मराठीत जसे ओळखीचे शब्द सापडत राहतात, तसं इथे होत नाही. शिवाय धारणीच्या बाजाराची भाषा हिंदी, टीव्हीची हिंदी, मोबाइलवरची गाणीही हिंदी. मराठी मुलांच्या कानावर पडते ती शाळेत. म्हणजे खरं तर ही त्यांची तिसरी भाषा. सरकारी कागदावर मात्र ती त्यांच्या शिक्षणाचं माध्यम आणि ‘प्रथम भाषा’ असते. पुढच्या बऱ्याच अडचणींचं मूळ या एका नोंदीत आहे असं माझं मत आहे.

अडचण

सरांची तक्रार अशी होती : ‘मॅडम, पोरं वाचतात हो, चांगली वाचतात. पण प्रश्न विचारला की गप्प.’

वर्गात गेल्यावर तेच दिसलं. तिसरीतला एक मुलगा पाठ्यपुस्तकातला उतारा न अडखळता, जोडाक्षरांसकट वाचून दाखवत होता. ‘या गोष्टीत कोण कोण आहे?’ म्हटल्यावर त्याने उताऱ्याची पहिली ओळ पुन्हा वाचली. तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला, तर दुसरी ओळ वाचली.

मुलं लाजतात, उत्तर येत असूनही बोलत नाहीत, अशी शक्यता होती. ती तपासायला आम्ही चिठ्ठ्या केल्या. एकेका चिठ्ठीवर एकच वाक्य : ‘दार लाव.’ ‘पाटी खिडकीत ठेव.’ ‘दोन खडे घेऊन ये.’ चिठ्ठी वाचायची आणि तसं करायचं, बोलायची गरजच नाही. बहुतेक मुलांनी चिठ्ठी मोठ्याने, स्पष्ट वाचली आणि शाबासकीची वाट बघत उभी राहिली. दार उघडंच राहिलं.

देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांचं नातं बऱ्यापैकी सरळ आहे. बाराखडी आणि जोडाक्षरं पक्की झाली की एकाही शब्दाचा अर्थ ठाऊक नसताना पानच्या पान वाचता येतं. लिपी शिकवण्याचं काम सरांनी चोख केलं होतं, आणि ते चोख असल्यामुळेच खालची पोकळी झाकली गेली होती. २०२१ साली सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात तिसरीअखेर मिनिटाला किमान ६० शब्द अर्थासह वाचता यावेत असं लक्ष्य आहे. अधिकाऱ्यांच्या घाईच्या भेटीत घड्याळ लावून शब्द मोजले जातात आणि ‘अर्थासह’ हा भाग राहून जातो. या वर्गातली निम्मी मुलं तरी तशा मोजणीत उत्तीर्ण झाली असती.

पाठ्यपुस्तकातल्या एका उताऱ्यात न कळणाऱ्या शब्दांखाली मुलांना रेघा मारायला सांगितलं, तेव्हा ओळीओळीत रेघा आल्या. वाचनावर काम करणाऱ्या पॉल नेशन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार, कुणाच्या मदतीशिवाय गोष्ट समजायला साधारण ९८ टक्के शब्द आधीच ओळखीचे असावे लागतात, म्हणजे पन्नासात एखादाच नवा. इथे एका ओळीतच तीन-चार नवे होते. अशा मजकुराचा कितीही सराव केला तरी त्यातून भाषा शिकली जात नाही, कारण अंदाज बांधायला खाली काही आधारच नसतो.

समोर असलेले मार्ग

पहिला मार्ग वर्गात आधीच चालू होता : शब्दार्थ फळ्यावर लिहून पाठ करून घेणं, प्रश्नोत्तरं उतरवून देणं. वह्या भरतात, पालकांना अभ्यास दिसतो, तपासणीत अडचण येत नाही. पण मराठी शब्दाचा अर्थ मराठीतच दिला होता, आणि तोही मुलांना कळत नव्हता.

दुसरा मार्ग केंद्रातल्या काही अनुभवी शिक्षकांनी सुचवला : वर्गात फक्त मराठी, कोरकू बंद. कानावर पडेल तेवढी भाषा येईल, हा त्यामागचा विचार. याला माझा ठाम विरोध होता आणि आजही आहे. न कळणारी भाषा दिवसभर कानावर पडत राहिली तर मूल ती ऐकणंच सोडून देतं. स्टीफन क्रॅशन यांनी १९८०च्या सुमारास मांडलेल्या सिद्धांताचा गाभाच असा आहे की भाषा आत जाते ती समजलेल्या बोलण्यातून आणि वाचनातून, आणि भीती किंवा संकोच असेल तर समोर आलेलंही आत शिरत नाही. स्वतःच्या भाषेत बोललं की ओरडा बसतो, हे शिकलेलं मूल तर तोंडच उघडत नाही.

तिसरा मार्ग : सगळं कोरकूत भाषांतर करून सांगणं. घरची भाषा पायाभूत शिक्षणाची भाषा असावी, असं २०२०चं शैक्षणिक धोरणही म्हणतं. पण सरांना कोरकू येत नव्हती आणि पुस्तकं मराठीत होती. शेजारच्या एका शाळेत वाक्यागणिक भाषांतराचा प्रयोग झाला होता. तिथे मुलं मराठी वाक्याकडे कान न देता कोरकू वाक्याची वाट बघत बसत.

चौथा मार्ग गोष्टींचा : सोपी, सचित्र पुस्तकं भरपूर, रोज ऐकणं आणि वाचणं. त्याला चांगला पुरावा होता. वॉरविक एली आणि फ्रान्सिस मंगुभाई यांनी १९८०-८१मध्ये फिजीतल्या ग्रामीण प्राथमिक शाळांत असाच प्रयोग केला. तिथेही इंग्रजी मुलांची दुसरी भाषा होती आणि शाळांत पुस्तकांचा दुष्काळ होता. चौथी-पाचवीच्या वर्गांना सुमारे २५० सचित्र गोष्टींची पुस्तकं दिली. ठरलेल्या पाठांतून इंग्रजी शिकणाऱ्या वर्गांच्या तुलनेत या मुलांची वाचनातली प्रगती दुपटीच्या आसपास भरली, आणि दुसऱ्या वर्षी तिचा फायदा भाषेच्या इतर अंगांतही दिसला. पण सरांनी नेमका प्रश्न विचारला : ‘पुस्तकं आणली तरी ती या पोरांना कळायला नकोत का?’

पहिला निर्णय : गोष्ट आधी कोरकूत

वर्गात पुस्तकांची पेटी आधीपासून होती. त्यातलं सगळ्यात सोपं पुस्तकसुद्धा बहुतेक मुलांना जड होतं. मुलं चित्रं बघून पानं उलटत. म्हणजे नुसती पुस्तकं वाढवून भागणार नव्हतं.

गावातल्या अंगणवाडी ताई कोरकू, आणि त्यांची मराठी उत्तम. त्या आठवड्यातून एकदा, अंगणवाडी सुटल्यावर, एक गोष्ट मुलांना कोरकूत सांगतील असं ठरलं. मग सलग तीन-चार दिवस सर तीच गोष्ट मराठीत सांगणार, फळ्यावर चित्रं काढत, हातवारे करत, एकच वाक्य पुन्हापुन्हा येईल अशी. गोष्ट आधीच माहीत असल्यामुळे मराठी वाक्य कानावर पडताच मूल त्याचा अर्थ लावू शकत होतं.

यावर आमची चर्चा बरीच रंगली. गोष्ट आधीच कळली तर मराठी ऐकण्याची गरजच उरणार नाही, अशी एका शिक्षकांची शंका होती. प्रत्यक्षात मुलं पुढचं वाक्य ओळखायला टपून बसत, आणि सरांनी क्रम चुकवला की ओरडत. भाषांतर वाक्याच्या शेजारी ठेवलं की मूल दुसऱ्या भाषेकडे दुर्लक्ष करतं. तेच एक दिवस आधी, अख्ख्या गोष्टीच्या रूपात दिलं की त्याचा आधार होतो. या प्रकरणातून इतर शाळांनी एकच गोष्ट उचलायची असेल तर ती ही, असं मी म्हणेन.

वर्गात काय काय केलं

रोज परिपाठानंतरचा पाऊण तास गोष्टीचा. चिठ्ठ्यांचा खेळ तपासणीपुरता न राहता रोजचा झाला. सर आधी स्वतः बोलत आणि करत, मग मुलं करत, मग चिठ्ठी वाचून करत. जेम्स ॲशर यांनी १९६०च्या दशकात मांडलेली कृतीतून भाषा शिकवण्याची ही पद्धत. हिला साहित्य लागत नाही आणि मुलं हिला कंटाळत नाहीत.

पुस्तकांची खालची पायरी मात्र बाजारात मिळत नव्हती, ती वर्गातच तयार करावी लागली. सोमवारी मुलं आदल्या दिवसांत घडलेलं सांगत. नदीवर खेकडे पकडले, शेळी हरवली, आजीबरोबर मोह वेचायला गेलो. कोरकू, हिंदी आणि मराठी शब्द एकत्र येत. मोठ्या मुली सरांना समजावून सांगत, आणि सर ते चार-सहा सोप्या मराठी वाक्यांत मोठ्या कागदावर लिहीत. मुलं चित्रं काढत. दहा-बारा कागद झाले की दोऱ्याने शिवून पुस्तक. ही पुस्तकं सगळ्यात जास्त वाचली गेली. मजकूर त्यांचाच होता, त्यामुळे अर्थ आधीच हातात होता, फक्त मराठी नवी होती.

त्यावरची पायरी स्टोरीवीव्हरवरून घेतली. प्रथम बुक्सने २०१५ साली सुरू केलेल्या या संकेतस्थळावर मराठी गोष्टी पातळीनुसार लावलेल्या आहेत आणि त्या मोफत छापून वापरता येतात. पहिल्या पातळीच्या गोष्टी अडीचशे शब्दांच्या आतल्या. त्यांतूनही प्राणी, पाऊस, खाणं, घर अशा विषयांच्या निवडल्या, कारण एकाच विषयाच्या पाच गोष्टींत तेच शब्द पुन्हा भेटतात. छापून, टाचून त्या वर्गातल्या दोरीवर लावल्या. कुठलंही काढायचं, आवडलं नाही तर परत ठेवायचं. शेवटी प्रश्न नाहीत, शब्दार्थ नाहीत.

‘प्रश्न नाहीत’ हे सरांना पटायला वेळ लागला. मग कळलंय हे ओळखायचं कसं?

दुसरा निर्णय : कळलं की नाही, हे कोरकूत तपासायचं

आतापर्यंत मुलांना मराठीत वाचायला लावून मराठीतच उत्तर मागितलं जात होतं. उत्तर आलं नाही तर दोन शक्यता उरतात : कळलं नाही, किंवा कळलं पण सांगता येत नाही. मराठी उत्तरावरून या दोन्ही एकसारख्याच दिसतात. म्हणून ठरलं की मूल मराठी गोष्ट मनात वाचेल आणि अंगणवाडी ताईंना कोरकूत सांगेल. ताई पुस्तक हातात घेऊन ऐकतील.

याचे दोन फायदे झाले. एक, सर ज्यांना कच्चं समजत होते त्यांतल्या काही मुलांना बरंच कळत होतं, हे दिसलं. उलट, ज्या दोन मुली फडाफडा वाचत त्यांना जवळपास काहीच कळत नव्हतं. गट पुन्हा पाडले.

दुसरा फायदा आम्ही गृहीत धरला नव्हता. दिवाळीआधी पालकसभेत एका वडिलांनी स्पष्ट विचारलं, ‘सर, कहानी तो घर में दादी भी सुनाती है. पढाई कब होगी?’ प्रश्न रास्त होता. सरांनी त्यांच्याच मुलाच्या हातात त्याने न पाहिलेलं एक पुस्तक दिलं आणि वाचून वडिलांना कोरकूत सांगायला लावलं. मुलाने अडखळत, पण सगळी गोष्ट सांगितली. मराठी न येणाऱ्या आईबापांना मुलाचं वाचन तपासता येईल असा मार्ग त्या सभेत सापडला. नंतर काही घरांत रोज संध्याकाळी हे होऊ लागलं.

स्थलांतर

दिवाळीनंतर वर्गातली बरीच मुलं आईवडिलांबरोबर कामाला गेली, काही वीटभट्टीवर, काही शेतमजुरीला. गावात हंगामी वसतिगृहाची सोय झाली होती, तरी लहान भावंडं सांभाळायला मोठी मुलं लागतात, म्हणून सगळी थांबत नाहीत. जाणाऱ्या प्रत्येकाला शिवलेली आणि छापलेली पुस्तकं बांधून दिली. होळीला गाव परत भरलं तेव्हा काही पुस्तकं आली, काही हरवली होती. ज्यांनी ती वाचली होती त्यांची मराठी फारशी मागे गेली नव्हती. बाकीच्यांना पुन्हा कोरकू गोष्टीपासून सुरुवात करावी लागली. यावर शाळेच्या पातळीवर पुरेसा उपाय नाही, कारण प्रश्न मजुरीचा आहे.

तिसरा निर्णय : ‘आई आला’चं काय करायचं

वर्षअखेर मुलं मराठीत बोलू लागली. बोलणं मोकळं होतं, पण ‘आई आला’, ‘पुस्तक पडली’, ‘पाऊस आली’ अशी वाक्यं सर्रास येत. कोरकूत नामांचा भेद सजीव आणि निर्जीव असा असतो. स्त्रीलिंग-पुल्लिंगाप्रमाणे क्रियापद बदलत नाही. मराठीची तीन लिंगं त्यांना पूर्ण नवी होती.

सरांना प्रत्येक चूक तिथल्या तिथे दुरुस्त करायची होती. दोन दिवस तसं केलं आणि गोष्ट सांगणारी मुलं एकेक शब्दावर आली. मग ठरलं की बोलताना अडवायचं नाही, ऐकणाऱ्याने सहज बरोबर रूप वापरून पुढे विचारायचं : ‘हो का, आई आली? मग?’ वातावरण मोकळं राहिलं. पण दुसऱ्या वर्षाच्या मध्यापर्यंत या चुका फारशा कमी झाल्या नाहीत, आणि लिहिण्यात तर जशाच्या तशा उतरत राहिल्या.

इथे मला क्रॅशन यांच्या मांडणीपासून थोडं बाजूला व्हावंसं वाटतं. कॅनडात फ्रेंच माध्यमात शिकणाऱ्या इंग्रजीभाषक मुलांबद्दल मेरिल स्वेन यांनी १९८५ साली हेच नोंदवलं होतं : वर्षानुवर्षं भरपूर फ्रेंच ऐकून-वाचून त्यांचं आकलन उत्तम झालं, पण बोलण्या-लिहिण्यातलं व्याकरण कच्चंच राहिलं. समजायला प्रत्येक प्रत्ययाकडे लक्ष द्यावं लागत नाही. स्वतः वाक्य बांधताना द्यावं लागतं. म्हणून दुसऱ्या वर्षी लिहिणं वाढवलं. ओळखीची गोष्ट आठवून लिहायची, मग मूळ पुस्तकाशेजारी ठेवून फरक शोधायचा. गोष्टीतली पात्रं आणि वस्तू ‘आला-आली-आलं’ अशा तीन रकान्यांत लावायच्या. हे आठवड्यातून दोनदाच, आणि भरपूर वाचून झालेल्या गोष्टींवरच. आधी अर्थ आणि नंतर रूप, हा क्रम आम्ही सोडला नाही. पहिल्याच वर्षी रकाने भरायला लावले असते तर भरायला मुलांकडे मराठीच नव्हती.

परिणाम

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी वर्षभर हजर राहिलेली जवळपास सगळी मुलं पहिल्या पातळीची अनोळखी गोष्ट मदतीशिवाय वाचून कोरकूत सांगू शकत होती. निम्मी त्याच्या वरच्या पातळीवर होती. चिठ्ठ्यांचा खेळ त्यांना बाळबोध वाटू लागला होता. ‘आई आली’ बऱ्याच मुलांच्या तोंडी बसलं. निर्जीव वस्तूंचं लिंग अजून चुकत होतं.

वाचनाचा वेग मधल्या काळात कमी झाला होता, कारण मुलं थांबून अर्थ लावू लागली होती. एका भेटीत तो घटलेला वेग नोंदला गेला आणि सरांना खुलासा द्यावा लागला. अंगणवाडी ताईंची वही तेव्हा कामी आली. कुठल्या मुलाने कुठली गोष्ट किती सांगितली, हे त्यांनी तारखेनिशी लिहून ठेवलं होतं.

परिसर अभ्यासाचं पुस्तक मात्र जडच राहिलं. जिम कमिन्स यांचं म्हणणं असं की बोलण्यापुरती दुसरी भाषा दोनेक वर्षांत येते, पण अभ्यासाची भाषा यायला पाच ते सात वर्षं लागतात. चौथीच्या शिवचरित्रात वेढा, तह, किल्लेदार, मोहीम असे शब्द दाटीने येतात. तिथे सरांनी धड्याआधी आठवडाभर गडांच्याच गोष्टी सांगितल्या. गाविलगड पाहिलेली दोन-तीन मुलं वर्गात होती, त्यांच्याकडून तट, दरवाजा, तोफ यांची चित्रं काढून घेतली. ते धडे समजले. विज्ञानाच्या धड्यांना असा वेळ देता आला नाही.

पुन्हा करायचं झालं तर

सुरुवात तिसरीत नको, पहिलीत हवी, आणि तीही लिपीच्या आधी. कोरकूत ऐकणं-सांगणं, कृतीतून मराठी, आणि या दोन्हींवर उभं राहणारं वाचन. लिपी आधी पक्की करून अर्थ मागून आणताना दोन वर्षं वाया जातात, शिवाय न समजता वाचण्याची सवय मोडण्यात आणखी वेळ जातो.

अंगणवाडी ताईंचं काम त्यांच्या मूळ कामावरचं आणि बिनपैशाचं होतं. सगळी पद्धत त्यांच्यावर उभी असताना हे योग्य नव्हतं. शाळा व्यवस्थापन समितीत ठराव करून मानधन पहिल्या दिवसापासून मागायला हवं होतं. दुसऱ्या वर्षी मागितलं, तेव्हा ते अंशतः मिळालं.

शिवलेल्या पुस्तकांवरून छापील पुस्तकांकडे उडी जरा लवकर मारली गेली. मधे आणखी एक पायरी, म्हणजे छापील गोष्टी वर्गासाठी सोप्या करून पुन्हा लिहिणं, असती तर मागे राहिलेली चार-पाच मुलं सोबत आली असती. स्टोरीवीव्हरवरच्या खुल्या परवान्यात अशा फेरलेखनाला परवानगी आहे. वेळ काढायला हवा होता. लिहिण्याचं कामही दुसऱ्या वर्षाच्या मध्यापर्यंत थांबवायला नको होतं. पहिल्या वर्षाच्या अखेरीस ते हळूच सुरू करता आलं असतं.

सरांची बदली पुढच्या फेरीत अपेक्षित आहे. येणाऱ्या शिक्षकांसाठी शिवलेली पुस्तकं, चिठ्ठ्यांचा डबा, गोष्टींची क्रमवार यादी आणि ताईंची वही शाळेच्या दप्तरात नोंदवून ठेवली आहे. पहिलीच्या वर्गात कोरकू गोष्टींचा तास या जूनपासून सुरू झाला आहे आणि तो ताईच घेतात.